फोनात म्हटलेली झडती

आधी माझा मूर्खपणा सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझी फार कीव यायची नाही. काही वर्षांमागे, ऐन पोळ्याच्या दिवशी, मी मोबाइल तोंडापुढे धरला, त्यात एक झडती खणखणीत म्हटली, शेवटी "हर बोला!" अशी आरोळी ठोकली आणि समोरून "हर हर महादेव" येईल म्हणून वाट पाहत बसले. फोन गप्प. मला वाटलं, रेंज नसेल.

तेव्हा मी तरुण होते. पासष्टीच्या आसपास. त्या वयात बाईला अक्कल कमीच असते.

झडती म्हणजे काय, ते ज्यांच्याकडे पोळा नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या वऱ्हाडात पोळ्याला गावचे बैल आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभे करतात. तोरण तुटायच्या आधी गडीमाणसं एकमेकांवर यमक जुळवून टोमणे मारतात, त्या झडत्या. त्यात पाटील सापडतो, दुकानदार सापडतो, कोणाचा दारुडा जावई सापडतो. ज्याच्यावर म्हटली त्यानंही हसायचं, असा रिवाज. आणि एकदा तोरण तुटलं, पोळा फुटला, की बोललेलं तिथंच संपलं. त्याच संध्याकाळी बैल दारोदार फिरतात. ज्याला झोडपलं त्याच्याच दारात बोजारा मागायला, म्हणजे पोळ्याची खुशाली मागायला, उभं राहायचं. तोही द्यायचा. मोठेपणा दाखवायला जरा जास्तच द्यायचा.

बायांनी तोरणाखाली जायचं नसतं. मी जऊळक्याकडची, मॅट्रिकपर्यंत शिकलेली. लग्न होऊन आले तीच जिभेला धार लावून. झडती मी रचायची, म्हणायचे आमचे मालक. एका पोळ्याला त्यांनी पाटलावर म्हटली. पाटील मिशीत हसला, यांची पाठ थोपटून म्हणाला, "डोकं हाय लेका तुले!" ते डोकं भिंतीआड पदराखाली उभं होतं. पण त्या दिवशी मी घरभर अशी मिरवले, जणू पाटलाला मी घोड्यावरून खाली ओढलं होतं. पाटील हसला कारण त्याचं काहीच बिघडणार नव्हतं, एवढं कळायला मला म्हातारपण यावं लागलं.

पुढे मालक गेले. बैलही गेले, तोरणाखाली आता मोजक्या जोड्या आणि पुष्कळ मोबाइल उभे असतात. नातवानं मलाही एक फोन दिला आणि शेजारच्या घरच्या सुनेनं मला तिच्या ग्रुपात घेतलं.

ही सून आमच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस. गावाचं नाव सांगत नाही. वाशीम जिल्ह्यातलं आहे, एवढं पुरे. ती मला मोठीमाय म्हणते. लेकरांचं वजन कधी, लस कधी, हे आयांना कळावं म्हणून तिनं तो ग्रुप काढला होता. पण बाया त्या, लसीवर किती थांबतील? हळूहळू त्यात सगळंच यायला लागलं. टँकर कुठल्या गल्लीत उभा आहे, रेशनवर कोणता तांदूळ आला, कोणाच्या नवऱ्यानं काल काय केलं. ज्या बाया ग्रामसभेत पदर दातात धरून बसायच्या, त्या फोनात बोलायच्या. मला फार मजा वाटायची. वाटायचं, हे तर बायांचं तोरण झालं.

त्या साली गावात घरोघरी नळ बसले होते. टाकीही उभी होती, रंग दिलेली. पाणी तेवढं नव्हतं. सरपंच बाई होत्या, पण खुर्चीमागून बोलायचे ते त्यांचे यजमान. सुनेनं एकदा ग्रामसभेत उठून विचारलं होतं, "भाऊ, नळाले पानी कवा येईन?" ते म्हणाले, "तुमी लेकरांले खिचडी वाढा बाई, पान्याचं आमी पाहू." सगळे हसले. ती बसली. पण तिचं नाव त्यांच्या ध्यानात राहिलं, हे तिच्या ध्यानात होतं. माझ्या नव्हतं.

तर पोळ्याला मी त्या ग्रुपात म्हटली ती झडती ही:

दारोदारी नळ, नळाले तोटी,
तोटीतून येते हवाच मोठी!
टाकीचं पोट आभायाएवढं,
आत नाई पानी वाटीएवढं!
बाई खुर्चीवर, नवरा सहीवर,
गाव सारं उभं कोरड्या हिरीवर!

ग्रुपात हसण्याचा पाऊस पडला. कोणी डोळ्यांतून पाणी येणारे चेहरे टाकले, कोणी लिहिलं, "आजी, तुमीच उभ्या राहा आता सरपंचीले." मी लाजल्यासारखं करून माझीच झडती पुन्हा पुन्हा लावून ऐकली. मग कोणीतरी ते आपल्या माहेरी धाडलं, माहेरच्यांनी आणखी कुठं. दोन बाजार गेले नाहीत तोच मी मेडशीला बसमधून उतरले, तर एका दुकानात माझाच आवाज लागलेला. काम झालं होतं, परतीची बस समोर उभी होती, तरी मी ती सोडली. उगाच केळी चाचपत उभी राहिले आणि पोरं हसतात कशी ते बघत बसले. मला वाटलं, आज पाटलानं माझी पाठ थोपटली.

घरी आले तर शेजारची सून तिच्या ओट्यावर बसलेली. हातात फोन.

"मोठीमाय, ठान्यातून फोन आल्ता. उद्या बोलावलं मले."

"तुले काहून? म्हनलं तर म्या!"

"ग्रुप माहा हाय."

"मग काय झालं? मी येतो संग. सांगतो त्याइले, आवाज माहा हाय म्हून. मले टाका आत. तितं तरी पानी असंन."

ती हसली नाही. तिची सासू आतून म्हणाली, "तुमाले काय जाते बुढे? तुमची नौकरी हाय का काय?" ते बरोबर होतं. मला जाण्यासारखं काही नव्हतं. हिची मात्र मदतनिशी होती, नवरा हंगामाला ऊसतोडीला जायचा, आणि त्या कामावरच घर उभं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बसनं गेलो. मी नवं लुगडं नेसले होते. अटक व्हायला जाताना नीट दिसावं, इतकी मी येडी. हवालदार सुनेकडे बघून म्हणाला, "ग्रुपची ॲडमिन तूच ना?"

मी मधे घुसले. "साहेब, आवाज माहा हाय. रचली म्या, म्हनली म्या."

"तुमी बसा आजी. चहा घेता काय?"

"चहा नोको. माहं नाव लिवा."

तो खरंच चांगला हसला. म्हणाला, "आइकली मी तुमची झडती. आमच्या घरच्याइच्या फोनातबी आली. तोटीतून हवा! झकास हाय." माझा जीव भांड्यात पडला. हसला म्हणजे संपलं. जन्मभर मी हेच पाहिलं होतं. आणि हसता हसताच त्यानं पेन काढला, सुनेला विचारलं, "पूर्ण नाव सांग. नवऱ्याचं नाव. काम काय करतं?"

मग तो गंभीर झाला. गावाची बदनामी, शांतता भंग, बाईमाणसाचा अपमान, असं सरपंचांकडून आलेल्या तक्रारीत लिहिलेलं वाचून दाखवलं. बाईमाणसाचा अपमान! मी म्हटलं, "अन् हे बाईमानूस नाई का, जिले तुमी उभं केलं?" तो म्हणाला, "आजी, तुमच्यावर कोन केस करन? लोक आमालेच शिव्या देतीन." तिचा फोन तपासायचा म्हणून ठेवून घेतला. समज देऊन सोडतो म्हणाला, पण गावात आपसात मिटवा, समोरच्या पार्टीचं समाधान करा.

समोरच्या पार्टीचं समाधान ग्रामपंचायतीच्या ओट्यावर झालं. सरपंचबाईंच्या यजमानांनी माफीचा कागद तयार ठेवला होता. तिनं तो वाचायचा आणि त्याचा व्हिडिओ सगळ्या ग्रुपांत जायचा. मी म्हटलं, "मी वाचतो." ते म्हणाले, "काकू, तुमी आमाले मायसारख्या. तुमच्याकून माफी घेतली त आमाले पाप लागन." इतक्या गोड आवाजात माझं तोंड कोणी कधी बंद केलं नव्हतं. मग सुनेकडे वळून, "अन् अंगणवाडीचं काई टेन्शन घेऊ नको. तेवढा ग्रुप बंद करजो."

ती उभी राहिली. उन्हामुळे डोळे बारीक करून तिनं वाचायला घेतलं: माझ्या ग्रुपवरून खोटी माहिती पसरली, मी गावाची आणि सरपंचताईंची माफी मागते, पुन्हा असं करणार नाही. एक ओळ चुकली तर शूटिंग करणारा म्हणाला, "पयल्यापासून." तिनं पहिल्यापासून वाचलं. खोटी माहिती कोणती, हे त्या ओट्यावर कोणी विचारलं नाही. मी तिथंच होते. मीही विचारलं नाही. आयुष्यभर जिला धार लावली, ती जीभ ऐन वेळी टाळूला चिकटून बसली. दोष ठेवायचा तर मला आता माझ्या तरुणपणावरही ठेवता येत नाही. तिथं उभी होती ती चांगली जाणती म्हातारी होती.

फोन परत मिळाल्यावर तिनं ग्रुप मोडला. एकदम मोडता येत नाही म्हणे. एकेकीला काढावं लागतं. मी माझ्या ओट्यावर बसून फोनात बघत होते. हिला काढलं, तिला काढलं, एकेक ओळ येत होती. मग मलाही काढल्याची ओळ आली, आणि त्यापुढे काही आलं नाही.

गावाचा मोठा ग्रुप आहे अजून. त्यात बोलायची परवानगी फक्त चालवणाऱ्यांना. बाकीच्यांनी फुलं, देव आणि वाढदिवस बघायचे. टँकर कुठं थांबला ते आता गाडीच्या आवाजावरून ओळखावं लागतं. खालच्या वस्तीतल्या बायांना तो ऐकू येत नाही. त्या पोचेपर्यंत नुसता चिखल उरतो. एकदा त्यातली एक रिकामा हंडा घेऊन माझ्या दारावरून गेली. मी म्हटलं, "बोंब तं मार माय!" ती म्हणाली, "कोन्या फोनात शूटिंग चाललं असंन त?" आणि आजूबाजूला पाहून निघून गेली.

गेल्या उन्हाळ्यात राहवेना म्हणून मी सुनेकडे गेले. ती टँकरवरून पाणी भरून परतली होती, आणि दम खायला घागर पायरीवर टेकवली होती. मी तयारीनं गेले होते. म्हटलं, पुन्हा काढ ग्रुप, या खेपी माझ्या नावावर काढ, वकील बघू, वाशीमला जाऊ, मी उभी राहते. बरंच बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं, चुंबळ डोक्यावर नीट केली आणि म्हणाली:

"तुमची झडती लोक इसरले, मोठीमाय. माही माफी अजून फिरून राह्यली. परवा बाजारात एका पोरीनं मले वळखलं, मैतरनीले म्हने, हेच थे माफीवाली. आता मले काई सांगू नोका. घागर उचलू लागा."