लाल पाठीचा फोन

“ताई, फोन बंद करून ठिवला तरी त्याला कळतंय मी कुटं हाय ते. ह्याचं कायतरी करा की.”

सुरेखानं फोन काउंटरवर ठेवला आणि रस्त्याकडे पाठ करून उभी राहिली. नवी पेठेत माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. रिपेअर करणारी बाई आहे म्हणून बायका मुद्दाम माझ्याकडे येतात. आपले फोटो परक्या माणसानं चाळू नयेत, एवढीच त्यांची अपेक्षा असते. मीही तोऱ्यात सांगायची, “माझ्याकडून एक गोष्ट बाहेर जात नाही.”

सुरेखा मोडनिंबची. नवऱ्याच्या जाचाला कंटाळून मुलीला घेऊन सोलापुरात आली होती. युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसायची. नवरा कामाच्या जागी नेमका येऊन दारात तमाशा करायचा, मग मालक तिलाच काढून टाकायचा. आधीची दोन कामं अशीच गेली होती. हे तिसरं लागल्यापासून तिनं फोन बंदच ठेवला होता.

“हे बी गेलं तर परत तितंच जावं लागंल,” ती म्हणाली. “मग पोरीची शाळा बी सुटली अन् मी बी मेले.”

सिम काढून मी फोन चालू केला. सगळं नवऱ्याच्या गुगल खात्यावर चालू होतं. फोन जिथे जाईल ती जागा त्याला घरबसल्या दिसत होती, बंद केला तर बंद व्हायच्या आधीची शेवटची जागा दिसत होती.

खरं सांगायचं तर फोन साफ पुसून नवं खातं आणि नवं सिम दिलं असतं, तरी तिचं भागलं असतं. पण मला कस्टम ओएसची भारी हौस! ओएस म्हणजे फोन चालवणारा मूळ प्रोग्रॅम. तो फोनबरोबरच येतो आणि तुम्ही कुठे गेलात, काय बघितलंत, याची टिपणं ठेवत राहतो. कस्टम ओएस जगभरच्या हौशी लोकांनी बनवलेली असते. यातल्या काही खास एवढ्यासाठीच असतात, की फोननं मालकाच्या चौकशा करू नयेत. ती टाकायला आधी बूटलोडर उघडावा लागतो. बूटलोडर म्हणजे फोनच्या दारावरचा वॉचमन, ओळखीच्या ओएसशिवाय कुणाला आत सोडत नाही. हल्ली बऱ्याच नव्या मॉडेलमध्ये तो उघडताच येत नाही. काही बँकांची ॲप्सही असल्या फोनवर चालायला नकार देतात. ह्याचं पुढे काय होणार, ह्या सिस्टीम टिकणार की नाही, यावर मी गिऱ्हाईक दिसलं की भाषण ठोकायची. सुरेखालाही ठोकलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. “त्यातलं मला काय कळत न्हाय, ताई. त्याला कळू नये, बास.”

जुनं सिम तिनं माझ्यासमोर कात्रीनं कापलं. फोन ठेवून कामावर गेली. सुटल्यावर मुलीला घेऊन येते म्हणाली.

काम सुरेख झालं. नवी ओएस पहिल्या झटक्यात चालू झाली आणि मला राहवलं नाही. फोन उलटसुलट ठेवून दोन फोटो काढले आणि व्हॉट्सॲप स्टेटसला टाकले. वर लिहिलं, ‘नवी पेठेतून आणखी एक फोन मोकळा! आता कुणालाच पत्ता लागणार नाही.’ आमच्या धंद्यात दिवसभराच्या कामाचे फोटो सगळेच टाकतात. तेवढीच जाहिरात.

चार-साडेचारला एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, आवाज अगदी मऊ.

“मॅडम, आमच्या मिसेसचा फोन झाला का? घिऊन जातो.”

“कोण मिसेस?”

त्यानं स्वतःचा मोबाईल माझ्यासमोर धरला. त्यावर माझ्याच स्टेटसचा स्क्रीनशॉट होता. “मोडनिंबला आमचा दोस्त मोबाईलचं काम करतो. स्पेअर पार्ट तुमच्याच गल्लीतनं नेतो, तुमचा नंबर हाय त्याच्याकडं. काळ्या फोनला ही लाल पाठ त्यानंच बसवलीया. वळखणारच की!”

मी फोन ड्रॉवरमध्ये सारला. “फोन मिळणार नाही,” मी ओरडले. “आधी दुकानातून बाहेर व्हा!”

“नका दिऊ. ती यील की न्यायला.” आणि तो समोरच्या कापड दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला.

तिला सावध करायचं तर कसं? कारखान्याचं नाव मी विचारलं नव्हतं. आणि तिचा एकुलता एक फोन माझ्याच ड्रॉवरमध्ये पडला होता! शेजारच्या सराफी दुकानातल्या काकांना बोलावून सगळं सांगितलं. काका कपाळावर हात मारून म्हणाले, “अहो, कुंपणानंच शेत खाल्लं की!”

स्टेटस डिलीट केलं. काय उपयोग? ज्यानं बघायला नको होतं, त्यानं ते बघितलंच होतं.

सुरेखा रिक्षातून उतरली. मुलीनं आधी बापाला बघितलं आणि आईचा पदर घट्ट धरला. तो उठून आला. “चल घरी.”

काका आणि मी मध्ये उभे राहिलो. सुरेखा माझ्याकडे बघून म्हणाली, “ताई, ह्याला कसं कळलं? तुमी तर म्हनला हुता, कळणार न्हाय.”

“मॅडमनीच कळवलं की,” तो हसत म्हणाला.

“माझ्यामुळे,” मी म्हणाले. “मी फोटो टाकला.” मान वर होईना. शरम म्हणजे काय, ते त्या दिवशी भर बाजारात कळलं.

माणसं जमली. काकांनी त्याला बोलण्यात गुंतवून ठेवलं आणि मी दोघींना घेऊन रिक्षात बसले. तिनं खोलीवर जाऊन कपडे एका बॅगेत भरले. ती सोलापुरात याच भागात आहे हे त्याला कळलंच होतं, तो कारखान्यापर्यंत पोचल्याशिवाय राहणार नाही, असं तिचं म्हणणं. तिसरं काम तिनं स्वतःच सोडलं. मुलगी सारखी विचारत होती, “आई, उद्या शाळा हाय न्हवं?” सुरेखानं तिचं दप्तरही बॅगेत कोंबलं.

एसटी स्टँडवर तिचा फोन तिच्या हातात देऊन मी म्हणाले, “सुरेखा, कुठे चाललीस ते तरी सांग. निदान नवं सिम घेतलंस की नंबर दे. काही लागलं तर...”

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

“न्हाय ताई,” ती म्हणाली. “फोन लई चांगला करून दिला तुमी. पर नंबर न्हाय देत.”

असल्या सिस्टीमचं भविष्य काय, असं गिऱ्हाईकं अजून विचारतात. मी भाषण देत नाही आणि स्टेटसलाही काही टाकत नाही. सुरेखा कुठे आहे, तिला काम मिळालं का, पोरगी शाळेत जाते का, मला काहीच माहीत नाही. म्हणजे फोन नीट चालतोय म्हणायचा.