आली की द्यायची

हिराच्या तोंडाला लागायची हर्णे बंदरावर कुणाची छाती नाही. संध्याकाळच्या लिलावाला ती पदर खोचून उभी राहिली की भले भले व्यापारी जरा जपूनच बोली लावतात. एकदा एका गिऱ्हाइकाने सुरमईचे कल्ले उघडून 'शिळी वाटते' म्हणून नाक मुरडलं, तर हिरा म्हणाली, "मासा आत्ता होडीतनं उतरलाय. शिळं असेल ते तुझं नाक, मेल्या!" बिचाऱ्याने मुकाट्याने दोन सुरमया घेतल्या आणि पळ काढला.

पण ह्याच बाईला एका शब्दाने रडवता यायचं. तो शब्द म्हणजे 'खुळा'. बाबल्याला, तिच्या एकुलत्या एक पोराला, कुणी तसं म्हटलं की हिरा आधी शिव्यांची लाखोली वाहायची आणि मग घरी येऊन चुलीपुढे बसून डोळे पुसायची. बाबल्या नवसाचा. बारा वर्षं देव पाण्यात ठेवले तेव्हा झालेला. सहाव्या वर्षी 'आये' म्हणाला. आता सव्वीस वर्षांचा बाप्या आहे, अंगाने रेड्यासारखा दणकट, पण समज पहिलीतल्या पोराएवढी. दहापुढे मोजता येत नाही, शर्टाची बटणं अजून वरखाली लागतात.

एक काम मात्र तो असं करायचा, की बघत राहावं. होडी धक्क्याला लागली की तिथपासून लिलावाच्या जागेपर्यंत माणसांची रांग लागते. उजवीकडच्याने टोपली द्यायची, आपण झेलायची, कमरेतून वळायचं आणि डावीकडच्याला द्यायची. एकजण जरी टोपली धरून उभा राहिला, तरी मागची सगळी खोळंबतात, बर्फ वितळतो आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. बाबल्याच्या बापाने, हरिश्चंद्राने, पोराला सोळाव्या वर्षी त्या रांगेत आपल्या डाव्या अंगाला उभा केला. त्याआधी महिनाभर अंगणात रिकाम्या टोपल्या घेऊन दोघांचा एकच पाठ चालायचा. "बघत बसायचं नाय. म्होरं कोन हाय ता इचारायचं नाय. आली की द्यायची." बाबल्याला बाराखडी कधी आली नाही, पण हे आलं. आठ वर्षं त्याच्या हातून एक टोपली पडली नाही की थांबली नाही.

मग एका सकाळी छातीत कळ येऊन हरिश्चंद्र गेला. दिवस-कार्य उरकल्यावर बाबल्या धक्क्यावर जाऊन आपल्या जागी उभा राहिला, तर होडीच्या म्होरक्याने, विनोद तांडेलाने, त्याला हाताला धरून बाहेर काढलं. विनोद वाईट माणूस नाही. हरिश्चंद्राचा जिवाभावाचा दोस्त तो. हिराला म्हणाला, "वैनी, बाप होता तवर लक्ष ठेवायचा. उद्या पोराचा पाय घसरला, पाण्यात पडला, तर मी तुमाला काय तोंड दाखवू?" तिलाही पटलं, आणि पटलं म्हणूनच जास्त लागलं.

पैशासाठी तिचा जीव तुटत नव्हता. दोघांपुरतं ती कमवायची. पण साठी जवळ आली, गुडघे बोलायला लागले, साखर वाढलेली. रोज संध्याकाळी चार माणसं 'चल रे बाबल्या' म्हणून ज्याला हाक मारतात, तो आई गेल्यावरही उपाशी राहत नाही, एवढं तिला ठाऊक होतं. तिला पोरासाठी त्या रांगेतली जागा हवी होती, दुसरं काही नको होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं, दुसऱ्याला सांगून काय उपयोग!

घरात बसून पोरगा भिंतीकडे बघायला लागला, तेव्हा तिने त्याला दापोलीजवळच्या एका कार्यशाळेत घातलं. तिथे अशीच मोठी पोरं मेणबत्त्या करायची आणि संध्याकाळी फुटबॉल खेळायची. तिथल्या नम्रताबाईंनी बाबल्याला गोलात उभा केला, कारण त्याच्याकडे आलेला बॉल सुटतच नसे. अडचण एकच. बॉल झेलला की बाबल्या कमरेतून वळायचा आणि डावीकडे जो कोण उभा असेल त्याच्या हातात द्यायचा. तो समोरच्या संघाचा असला तरी!

त्याच साली मुंबईहून सिनेमावाले आले. त्यांना अशाच पोरांच्या टीमवर सिनेमा काढायचा होता, आणि नट नको, खरी पोरं हवी होती. बाबल्याचं ते बॉल देणं बघून डायरेक्टर हसून हसून खाली बसला म्हणे. मग घरी आला, सही घ्यायला.

हिराने विचारलं, "माझ्या पोराला हसाल तर नाय ना?"

"मावशी, सिनेमा कॉमेडी आहे, खोटं कशाला बोलू? पण शेवट गोड आहे. तुमचा मुलगाच सगळ्यांना जिंकून देतो."

हिराने दोन दिवस विचार केला. बंदरावरच्या लोकांना तिचं सांगणं कधी पटलं नव्हतं. पडद्यावर बघितलं तर पटेल, विनोदभावजींना पटेल, की पोर कामाचं आहे. तिने अंगठा नाही, चांगली सही केली. महिनाभर आरे-वाऱ्याच्या वाळूत शूटिंग झालं, आणि बाबल्या काळाठिक्कर होऊन, खुशीत परत आला.

वर्षाने दापोलीत एका हॉलात मोठा पडदा लावून खेळ ठेवला. हर्ण्याची माणसं दोन टेम्पो भरून गेली. बाबल्या नवा शर्ट घालून आईच्या शेजारी बसला. पडद्यावर त्याने पहिला बॉल झेलला, वळला आणि समोरच्या संघाच्या पोराच्या हातात ठेवला. त्या पोराने लगेच गोल मारला. सगळा हॉल खो खो हसला.

बाबल्या दचकला. तो पडद्याकडे बघेनाच. मान वळवून माणसांची तोंडं बघायला लागला. पुन्हा तसंच झालं, पुन्हा हसले. पुढच्या रांगेतला एक बाप्या तर मांडीवर थापा मारून, 'काय खुळा हाय रे!' म्हणत लोळायचा बाकी होता. हिराच्या डोळ्यांना धार लागली. जे बघून लोक हसत होते ते तिच्या नवऱ्याने शिकवलेलं होतं, तिच्या अंगणात, तिच्या डोळ्यांदेखत. तिला वाटलं, उठावं आणि पडदा फाडून टाकावा. चौथ्या वेळी बाबल्याने आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवलेले तिला दिसले.

मग शेवट आला. पडद्यावर टीमची कोच झालेली बाई कळवळून ओरडली, "देऊ नकोस, धर!" आणि बाबल्याने बॉल छातीशी धरला. चार पोरं ओढायला आली तरी धरून राहिला. शिट्टी झाली, टीम जिंकली. अख्खा हॉल उठून टाळ्या वाजवायला लागला, शिट्ट्या काय, आरोळ्या काय! मग कुठे पडद्यावरच्या बाबल्याने बॉल पायाशी ठेवला. इकडे खराखुरा बाबल्याही उठला आणि तोंडभर हसला.

परतताना टेम्पोत हिरा त्याला थोपटत म्हणाली, "हसतील त्यांचे दात दिसतील, बाळा. तू मनावर घेऊ नको."

दुसऱ्या दिवशी सकाळीच विनोद तांडेल दारात हजर. चहा घेईना, बसेना. म्हणाला, "वैनी, काल सगळी हसत होती. मला नाय हसू आलं. पोर वळून देतो ना, तसाच हरिश्चंद्र द्यायचा. माझंच चुकलं. आज त्याला पाठवा, माझ्या डाव्या बाजूला उभा करतो."

"भावजी, माझ्या मागं पण बोलवाल ना त्याला?"

"मी हाय तवर तो रांगेत हाय."

हिराला रडू आवरेना. हरिश्चंद्राच्या फोटोला हात जोडून तिने त्याला सगळं सांगितलं, मोठ्याने, शेजारणींना ऐकू जाईल असं.

संध्याकाळी होड्या लागल्या. रांग उभी राहिली. हिरा आपल्या जागी बसली होती, पण गिऱ्हाइकाकडे तिचं लक्षच नव्हतं. पहिली टोपली बांगड्यांची आली. विनोदने ती बाबल्याकडे दिली, आणि बाबल्याने इतकी झकास झेलली की हिरा मनात म्हणाली, दृष्ट काढायला हवी.

पण तो वळलाच नाही. टोपली छातीशी धरून उभा राहिला.

"दे रे," विनोद हसत म्हणाला. मग जरा मोठ्याने, "दे की बाबल्या!" मागे टोपल्या तुंबल्या. बर्फाचं पाणी बाबल्याच्या शर्टावरून ओघळत होतं. कुणीतरी शिवी हासडली. विनोदने टोपली ओढून बघितली, तर पोराने ती आणखी आवळली आणि सगळ्यांच्या तोंडाकडे आशेने बघायला लागला.

हिरा हातातला मासा टाकून धावली. "बाळा, आली की द्यायची! बाबांनी काय शिकवलंन? आली की द्यायची!"

बाबल्याने मान हलवली. तिलाच समजावून सांगावं तसा हळू आवाजात म्हणाला, "नाय आये. दिली की हसतात."

तो कशाची वाट बघतोय हे अख्ख्या बंदरात एकट्या हिराला कळलं. तिने खवल्यांनी भरलेले हात पदराला पुसले आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. लोक बघत राहिले. ही बाई खुळी झाली, असंही कुणी म्हणालं असेल. ती वाजवत राहिली, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, तळहात लाल होईपर्यंत. तेव्हा बाबल्या हसला, आणि टोपली अलगद आपल्या पायाशी ठेवली.

विनोदने ती उचलून पलीकडच्याला दिली. माणसं एकेक पाऊल सरकली आणि मधली मोकळी जागा बुजली.

"आये, मी जिंकलो ना?"

"जिंकलास हो, माझ्या सोन्या," हिरा म्हणाली, आणि त्याचा हात धरून घराकडे निघाली. उद्या पाठवा असं विनोद म्हणाला नाही, आणि हिरानेही विचारलं नाही.