पांढऱ्या रेघेचा एक्सल

देविदासभाऊंच्या सुजाताचा फोन आला तेव्हा मी तुरीच्या शेंगा सोलत होते. "काकू, बाबा सकाळी गेले..." एवढंच ती बोलली. मी सोलतच राहिले. बऱ्याच वेळानं ध्यानात आलं, की दाणे कचऱ्यात आणि टरफलं टोपल्यात टाकत होते. देविदासभाऊंनी हे पाहिलं असतं, तर महिनाभर मला त्यावरून पिडलं असतं. त्या फोनला आता दीड महिना झाला.

देविदासभाऊंचं दिग्रसला गाड्या दुरुस्तीचं गॅरेज. कापूस वेचून घरी आणणंही परवडेना, त्या वर्षांत आम्ही शेती धाकट्या दिरांवर सोपवली आणि डोंगरातल्या गावांहून दिग्रसला माणसं आणायला जीप घेतली. हे चालवायचे, मी सवाऱ्या बसवायची. भाऊंची जुनी जीपही सकाळच्या फेरीला त्याच रस्त्यावर असायची. तिच्या सवाऱ्याही मीच बसवायची. आमची जीप मी पसंत केली होती. कशावरून? रंग मोरपंखी होता आणि माझी एक साडी तशीच होती! दोन लेकरांची आई, वय चाळीस, अक्कल ही एवढी.

भाऊ गाडीखाली सरपटले आणि तिथूनच बोलले, "वयनी, गाडीचं तोंड लय चांगलं हाये. पण मागचा एक्सल बारीक हाये. चिखलात, चढावर सारा जोर त्याच्यावरच येते."

"तुमचा तुमच्यासारखाच जाडजूड हाये, म्हणून आमचा बारीक दिसते," मी ठसक्यात म्हणाले.

भाऊ हसले. दोन्ही जीपच्या मागच्या चाकांना फिरवणाऱ्या पोलादी दांड्या त्यांनी ओढून काढल्या आणि प्रत्येकीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या रंगाची सरळ रेघ मारली. एक हंगाम दोन्ही गाड्या सारख्या ओझ्यानं चालवायच्या, मग रेघा पाहायच्या. दांडी पिळली की रेघही पिळणार. आणि पिळलेली दांडी एक दिवस चढावर तुटणार, भरली गाडी मागं घसरणार... सगळं त्यांनी नीट सांगितलं. मला मात्र फक्त जिंकायचं होतं.

म्हणून सडपातळ बाया आणि शाळेच्या पोरी आमच्या गाडीत. धष्टपुष्ट मंडळी, तेलाचे पिपे, ढेपेची पोती भाऊंच्या गाडीत. एका मावशींना तर बसल्या जागेवरून उठवलं.

"काहून वो, मी का माणूस नाई?" त्या कडाडल्या.

"मावशी, त्या गाडीत हवा चांगली लागते," मी साळसूदपणे म्हटलं.

हंगाम संपला. भाऊंच्या दांडीवरची रेघ ओळंब्यासारखी सरळ. आमची वेणीसारखी पिळलेली. हलक्या म्हणून वेचून वेचून बसवलेल्या पोरींनाच मी रोज त्या दांडीच्या भरवशावर चढावरून नेत होते.

भाऊंनी रेघेवरून अंगठा फिरवला. "वयनी, गाडी चार दिवस इथं ठेवा." पाचव्या दिवशी आमच्या मोरपंखी जीपला त्यांच्या जीपचा अख्खा मागचा एक्सल बसवलेला होता, आणि त्यांची जीप विटांवर उभी होती. "मले गॅरेज हाये. तुमाले हेच हाये," एवढंच म्हणाले. त्या एक्सलवर आमची लेकरं शिकली, त्या पोरीही शिकल्या. माझी लबाडी मात्र भाऊंना सांगायची राहूनच गेली...

गेल्या आठवड्यात गॅरेजमध्ये गेले. आता ते सुजाताच चालवते. भिंतीवर आमची पिळलेली दांडी टांगलेली होती.

"बाबा हरेक गिऱ्हाइकाले दाखवत," ती म्हणाली. "सांगत, वयनीनं साऱ्या जाड्या सवाऱ्या मायाकडं धाडल्या, तरी पिळली!"

"म्हंजे त्याईले माहीत होतं?"

"काकू, थे मावशी बाबाच्याच गाडीत बसली ना! रस्ताभर तुमाले शिव्या देत होती."

डोळ्यांत पाणी असताना माणूस इतकं हसू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं. समोर डोंगरातल्या शाळेची गाडी खोलून ठेवली होती, तिची नवी दांडी फळीवर आडवी. सुजातानं ब्रश माझ्या हातात दिला. पहिली रेघ वाकडी आली. तिनं चिंधीनं पुसली, मी पुन्हा मारली.

"उद्या पहिली फेरी पुऱ्या ओझ्यानं कर," मी तिला म्हटलं. "मलेही घे. आता मीच जाडी सवारी हाये."