श्ये मिस्त्री आणि हिरवी पुडी

श्ये मिस्त्रींना टीव्ही स्टेशनातून हाकललं, अशी आवई आमच्या गल्लीत उठली. म्हणे ऐन बातम्यांत त्यांना डुलकी लागली आणि अख्ख्या ताइचुंग शहरात टीव्हीचा पडदा काळा झाला. आवईत माझाही थोडा हात होता; माझ्या सोयादुधाच्या दुकानात गिऱ्हाइकाला नुसतं दूध पाजून कसं चालेल? खरं इतकंच, की चौतीस वर्षं प्रक्षेपणाची बटणं दाबून माणूस रीतसर निवृत्त झाला होता. पडदा काळा झाला होता, पण एकदाच, चार सेकंद, तोही एकोणीस वर्षांपूर्वी. त्याचं सुतक ते अजून पाळतात.

घरी बसल्यावर मिस्त्री बायकोला भाजी परततानाही सूचना देऊ लागले. "तयार राहा. तीन, दोन, एक, टाक!" तिसऱ्या दिवशी मिस्त्रीणबाई माझ्याकडे. "ताई, यांना कुठंतरी चिकटवा, नाहीतर याच कढईत यांनाच टाकते!"

माझी भाची यी-ज्युन कॉलेजात टीव्ही निर्मिती शिकते. तिथं शिक्षकाची जागा होती, ती तिच्यामार्फत मिस्त्रींना मिळाली, पण एका सत्रापुरती. सत्राअखेर मुलांनी कॉलेजच्या वर्धापनदिनाचं थेट प्रक्षेपण करायचं. जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर परत भाजीची कढई.

अख्ख्या सत्रात मिस्त्री वर्गात सात वाक्यं बोलले. भाचीनं मोजली. त्यांतली तीन "हात लावू नकोस" अशी होती. मुलं "सर" म्हणाली की हे मागे वळून बघायचे, कोण साहेब आले म्हणून.

शिकवलं मात्र एक. चित्र गेलं तर ओरडायचं नाही, विचारायचं नाही, दुसऱ्या कॅमेऱ्याचं बटण दाबायचं. आणि यंत्रानं दगा देऊ नये म्हणून त्याच्यावर हिरवी पुडी ठेवायची. आत खोबऱ्याच्या वासाचा मक्याचा खाऊ, नावाचा अर्थ 'शहाण्यासारखं वाग'. पुडी हिरवीच हवी, न फोडलेली हवी, तारीख उलटलेली नको. आमच्याकडे इस्पितळातल्या यंत्रांनासुद्धा हीच लाच चालते.

विभागप्रमुख डॉक्टर झुआंग यांना ते खपेना. या गृहस्थांनी टीव्हीवर तीन पुस्तकं लिहिलीत. केबल एकही खोचलेली नाही. वर्धापनदिनी सकाळी त्यांनी पुडी उचलली. "पाहुणे यायचेत. हा गावठीपणा कशाला?"

मिस्त्रींचा चेहरा पांढराफटक पडला, म्हणे. बटणांवर यी-ज्युनला बसवलं आणि तिच्या मागे हात बांधून उभे राहिले.

दुकानात मी आणि मिस्त्रीणबाई मोबाइल उभा करून बघत होतो. प्राचार्याबाईंचं भाषण रंगात आलं, म्हणजे ऐकणारे पेंगू लागले. तेवढ्यात एका पाहुण्यानं पाय लांब केले आणि पहिल्या कॅमेऱ्याची केबलच उपटली. मिस्त्रीणबाईंनी माझं मनगट धरलं. "गेली नोकरी!"

पडदा काळा झालाच नाही. भाचीनं दुसऱ्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं होतं. तो कॅमेरा होता पहिल्या रांगेवर, आणि पहिल्या रांगेत डॉक्टर झुआंग मांडीवर हिरवी पुडी फोडून बकाबका खात होते. मिशांना पिवळा भुगा. स्टेजशेजारच्या मोठ्या पडद्यावर तोंड एवढं मोठं, की दाढा मोजता याव्यात. केबल परत लागेपर्यंत सव्वा मिनिट कॉलेजनं तेच पाहिलं. आम्ही दोघी तर डोळे पुसतच होतो.

प्राचार्याबाईंनी कार्यक्रम संपल्यावर एवढंच विचारलं, "पडदा काळा पडला का?" नाही म्हटल्यावर तिथंच नेमणुकीवर सही केली.

झुआंग मात्र तणतणत यंत्रांच्या खोलीत शिरले. सगळ्या मुलांदेखत ओरडले, "मिस्त्री, तुमच्या त्या पुडीपायी माझी अब्रू गेली!"

आठवं वाक्य भाचीनं मला शब्दशः सांगितलं. मिस्त्री म्हणाले, "साहेब, ती पुडी यंत्रासाठी होती, पण यंत्र तिच्याशिवायच शहाण्यासारखं वागलं, आता खाल्लीच आहे, तर तुम्हीही वागून बघा."