सकाळ-संध्याकाळची शिक्षा

ती म्हातारी आणि ती बकरी मला आजही आठवतात. उमरखेड तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका शेतकरीण बाईंची दुभती बकरी गोठ्यातून चोरीला गेली. बाई तोंडाच्या फटकळ. "साहेब, चोराले सोडाचं नाही," असं बजावूनच त्यांनी फिर्यादीवर सही केली.

दोन दिवसांनी खबऱ्यानं सांगितलं, त्याच गावातल्या एका मजूर म्हातारीच्या झोपडीतून बकरीचा आवाज येतो. तिच्याकडे तर कधी कोंबडीही नव्हती. पंचनामा करून बकरी ठाण्यामागे बांधली आणि म्हातारीला समोर बसवलं.

"ढाणकीच्या बजारातून घेतली, साहेब."

"पावती?"

"हरपली."

मी आवाज चढवला. चोर तो चोर, अशा मताचा मी तेव्हा होतो. म्हातारी बधेना. मागे बकरी सारखी ओरडत होती. कास दुधानं तटतटली होती. धार काढायला गेलेल्या हवालदारानं लाथ खाल्ली. शेवटी म्हातारीच म्हणाली, "मले काढू द्या."

तिच्या हाताखाली बकरी शांत उभी राहिली. "साहेब, बकरी तर हिचीच दिसते," हवालदार पुटपुटला. मलाही शंका आली. पण म्हातारीनं भरलेला पेला माझ्यापुढे धरला.

"हे माह्या नातीले पोचवा. दोन महिन्याची हाय, माय बाळंतपणात गेली. शेजारणीपाशी रडून राह्यली असन. मंग लिहा काय लिहाचं ते. म्याच चोरली."

मला स्वतःची लाज वाटली. तासभर मी पावती मागत होतो. घरी कोण आहे, हे विचारलंच नव्हतं.

बकरीची ओळख पटवायला आलेल्या फिर्यादी बाई मागेच उभ्या होत्या. पेला त्यांनीच महिला शिपायाच्या हाती देऊन तिला पिटाळलं. मग म्हातारीकडे वळल्या.

"काहून मागतलं नाही वं?"

"मागाले लाज वाटली."

"अन् चोरी कराले नाही वाटली?"

म्हातारी रडू लागली. बाईंचा आवाज उतरला. "बकरी माही हाय, मी नेईन. तू सकाळ-संध्याकाळ माह्या दारात येजो, धार काढजो, लेकरापुरतं दूध नेजो. हीच तुही शिक्षा."

दाखल झालेला गुन्हा मिटवणं माझ्या हाती नव्हतं. दोषारोपपत्र गेलं, बाईंनी कोर्टात तडजोड केली, कोर्टानं ती मान्य केली. पण शिक्षा त्याआधीच सुरू झाली होती. ज्या घरी चोरी केली त्याच दारात गावादेखत रोज दोनदा जायचं, हे सोपं नाही. कोठडीत निदान तोंड लपवता येतं.

तेव्हापासून आरोपीला माझा पहिला प्रश्न 'घरी कोण आहे?' हाच असे.

काही महिन्यांनी बंदोबस्तासाठी त्या गावात गेलो. म्हातारी अंगणात धार काढत होती आणि नात बाईंच्या मांडीवर खेळत होती. मला पाहताच बाई तिथूनच ओरडल्या, "पाहा साहेब, सोडलं नाही म्या चोराले!"