सोमवारच्या आधीचा गुरुवार

वर्लिन सॉर्बीने उभ्या आयुष्यात एकदाच दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि तेवढ्यापायी त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं कायमची ताठ झाली. तेविसाव्या वर्षी कुणीतरी म्हणालं, "तार मेलेली आहे, लाव हात." तार चांगली जिवंत होती. तेव्हापासून चाळीस वर्षं हा माणूस ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून पितो. चर्चच्या जेवणावळीत बटाट्याच्या कुरकुरीत थराखाली काय दडलंय ते काट्याने उचकून पाहिल्याशिवाय ताटात वाढून घेत नाही. त्याची बायको बेव सांगते, "लग्नात पाद्र्याने विचारलं, हा नवरा कबूल आहे का? मी म्हटलं, हो. तर हा पाद्र्याला म्हणतो, परत एकदा विचारा."

मिनेसोटातल्या एका बीटसाखरेच्या कारखान्यात वर्लिन विजेच्या दुरुस्तीवरचा मुकादम. ऑगस्ट सरत आला की तिथे लगीनघाई उडते. एकदा का शेतातून बीट यायला लागले की कारखाना वसंतापर्यंत थांबत नाही, म्हणून सगळ्या मोटारी, सगळे पंप त्याआधी उघडून बघायचे. कामं ढीगभर, माणसं मोजकी. अशा एका गुरुवारी सकाळी मॅनेजर ट्रेंट एका बाईला घेऊन आला. ट्रेंटचं वय बत्तीस, आणि घाई मात्र ब्याण्णव वर्षांच्या माणसाची.

"वर्लिन, ही जेरोटिच कोस्केई. केनियाची. आपल्या इथल्या कॉलेजात विजेचं काम शिकते. घे हाताखाली," म्हणाला आणि गेलासुद्धा.

बाई तिशी ओलांडलेली, उंच, मान ताठ. वर्लिनने आधी बूट पाहिले, मग तोंड. बूट कामाचे होते आणि चांगले झिजलेले. तोंडावरून मात्र काही कळेना.

"हजेरीचं कार्ड लावलंस का, बाई?"

"नाही."

"का?"

"सोमवारी लावीन."

झालं. वर्लिनच्या मनात पाल चुकचुकली. कामाला आलेलं माणूस एक वेळ हातपाय धुवायला विसरेल, पण कार्ड लावायला विसरत नाही.

बीट धुवायच्या पिंपाची मोटार उघडायची होती. तिथली रीत अशी, की जो कोणी पॅनेलमध्ये हात घालणार, त्याने वीज बंद करून मुख्य बटणाला आपलं स्वतःचं कुलूप ठोकायचं. कुलपाला चिठ्ठी, चिठ्ठीवर आपलं नाव आणि आजची तारीख. किल्ली आपल्या खिशात. दहा माणसं असली तर दहा कुलपं लटकतात, आणि दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायची मालकाचीही छाती होत नाही. वर्लिनने आपलं कुलूप लावलं आणि दुसरं, लाल, तिच्यापुढे धरलं. बाईने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"मी नुसती बघते."

"बघायला इथे काय तमाशा लागलाय?"

"हात लावणार नाही, मग कुलूप कशाला, म्झे?"

"हे म्झे काय? शिवी आहे का?"

"नाही हो. आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला म्हणतात."

वर्लिनला ते काही पटलं नाही. त्याने मीटर काढला, आधी एका चालू तारेवर लावून बघितला, मग मोटारीच्या तारांवर, मग पुन्हा चालू तारेवर.

"बरोबर," बाई मागून पुटपुटली. "नाहीतर मीटरच मेलेला असायचा."

आता तर वर्लिनचं डोकंच फिरलं. म्हणजे हिला काम येतं! मग कामाला शिवत का नाही? नाव लिहायला का घाबरते? कागद बहिणीचा आणि आली भलतीच, असं तर नाही? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. दहा वाजेपर्यंत त्याने तिच्यावरची नजर हलवली नाही. शेवटी चहा-कॉफीच्या खोलीत जाऊन त्याने सरळ कॉलेजला फोन लावला. परदेशी विद्यार्थ्यांचं सगळं बघणारी मार्लीस त्याच्याच चर्चमधली.

"वर्लिन का? रविवारी माझं पातेलं उचकत होतास तोच ना तू?"

"ते राहू दे. मला सांग, जेरोटिच कोस्केई म्हणून कुणी खरंच आहे का?"

"आहे तर! तिच्या देशात विजेच्या कंपनीत आठ वर्षं खांबावर चढलेली बाई आहे ती. पण तू तिला कुठे पाहिलीस?"

"इथे. कारखान्यात."

पलीकडे मार्लीसचा आवाज पार बदलला.

"आज? अरे, तिची कामाची परवानगी सोमवारपासून आहे. कागदावर तारीख छापलीय. त्याआधी एक स्क्रू जरी पिळला असेल, फुकट का होईना, तर मला ते वर कळवावं लागेल. मग शिक्षण संपलं आणि बाई आल्या वाटेने परत. आता नीट विचार करून सांग. ती तिथे काय करतेय?"

आपण कुठला दगड उचलला आणि तो कुणाच्या पायावर पडतोय, हे वर्लिनला आत्ता दिसलं. त्याने काचेतून बाहेर पाहिलं. ट्रेंट परत आला होता. हसत हसत तिच्यापुढे पाना धरून उभा होता. ती मान हलवत होती, हात पाठीमागेच.

"उभी आहे," वर्लिन म्हणाला.

"आणखी?"

"आणखी काही नाही. कार्ड लावलं नाही, कुलूप लावलं नाही, पान्याला शिवली नाही. सकाळपासून मी तिला त्यावरूनच टोचतोय."

"खात्री आहे तुझी?"

"मार्लीस, मी सकाळपासून चोरावर ठेवावा तसा तिच्यावर डोळा ठेवलाय. माझ्याइतकी खात्री कुणाला असणार?"

मार्लीसने सुस्कारा सोडला. "मग तिला आत्ताच्या आत्ता तिथून काढ. सोमवारी पाठवते."

वर्लिनने बाहेर येऊन ट्रेंटच्या हातातला पाना काढून घेतला. जेरोटिचला म्हणाला, "तू बाहेर जा. गाडीपाशी थांब."

ती गेल्यावर ट्रेंट फणकारला. "तुम्हाला सगळ्यांना कागदाचीच भारी हौस! तीन-चार दिवसांनी काय आभाळ कोसळतं? तिला सांगून ठेवलंय, आज जमत नसेल तर मी दुसरा माणूस बघीन."

"बघ की. शिकवायला पण दुसराच बघ. माझी नऊ आठवड्यांची रजा साठलीय आणि बेव केव्हाची कटकट करतेय."

"धमकी देतोस, म्हातारबा?"

"छे, छे! चौकशी करतोय. रजेचा अर्ज कुठे मिळतो?"

त्या जुनाट पॅनेलांचं आतडं-कोथळं जाणणारा वर्लिनखेरीज कारखान्यात कुणी नव्हता. "सोमवारी येऊ दे तिला," असं काहीसं पुटपुटत ट्रेंट ऑफिसकडे गेला.

गाड्यांच्या मैदानात वारा सुटला होता. जेरोटिच गाडीला पाठ टेकून उभी होती.

"तुम्ही फोन करत होता. कुणाला?"

"मार्लीसला."

तिचा चेहरा उतरला. "काय सांगितलंत?"

"पाहिलं ते. सगळं ठीक आहे. सोमवारी सहाला ये, जागा तुझीच आहे. पण अगं, सकाळीच मला तारखेचं सांगायला काय झालं होतं?"

"साहेब म्हणाले होते, गुरुवारी आली नाहीस तर सोमवारचा भरवसा नाही. तुम्ही त्यांचेच माणूस वाटलात."

"कशावरून?"

"तोंडावरून."

तिने खिशातून फोन काढला आणि त्याच्या नाकासमोरच मार्लीसला लावला. काय सांगितलं, कसं सांगितलं, सगळं खोदून खोदून विचारलं. वर्लिन टोपी धरून वाऱ्यात उभा. रागवावं की काय हेही त्याला कळेना.

"मार्लीसबाई म्हणतात, परवानगीला धक्का नाही," ती फोन ठेवत म्हणाली.

"मी तेच तर सांगत होतो!"

"पण सोमवारी जागा आहे हे बाईंना काय माहीत? ते साहेबांनी सांगायला हवं. लिहून."

वर्लिनने तिच्याकडे पाहिलं. मग ऑफिसच्या दाराकडे पाहिलं.

"चल," तो म्हणाला. "मलाही त्याची खात्री कुठे आहे!"

सोमवारपर्यंत तिने आत जायचं नव्हतं, म्हणून दोघं दाराबाहेरच ताटकळत उभी राहिली. ट्रेंटने सोमवारच्या जागेबद्दल दोन ओळी खरडून दिल्या. जेरोटिचने त्या वाचल्या आणि कागद वर्लिनकडे दिला. त्यानेही वाचल्या.

"सही राहिली," दोघं एकदमच म्हणाली.