छातीत चालणारा माग

चहा घेत घेत वाचा, पण घोट जरा जपून घ्या. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला होता. आणि हसायचं तर मला हसा, माझ्या पोरीला नाही. या सगळ्या प्रकरणात ती एकटीच शहाणी होती.

तर झालं असं, की आमची श्रावणी नीटची परीक्षा पास झाली. नुसती पास नव्हे, सरकारी कॉलेज मिळेल अशा मार्कांनी! आमच्या घरात आजवर सगळे मागावर बसलेले. आजोबा हातमागावर, वडील पॉवरलूमवर, आणि मी जरा पुढं सरकून चादरी-टॉवेलच्या दुकानात गल्ल्यावर. त्या घरातली पोरगी डॉक्टर होणार म्हटल्यावर माझी छाती किती फुगली असेल? शर्टाचं बटण तुटून समोरच्या पानटपरीवर पडलं. विश्वास नसेल तर टपरीवाल्याला विचारा.

संध्याकाळपर्यंत चौकात फ्लेक्स लागला. सोलापूर तुम्हाला माहीतच आहे, इथं म्हशीला रेडकू झालं तरी फ्लेक्स लागतो. आमच्यावर लिहिलं होतं, ‘भावी हृदयरोगतज्ज्ञ डॉ. श्रावणी हिचे हार्दिक अभिनंदन!’ एका बाजूला तिचा फोटो, दुसऱ्या बाजूला माझा. माझा जरासा मोठा. जरासा म्हणजे दुप्पट.

पोरगी फ्लेक्स बघून घरी आली आणि चप्पल न काढताच विचारलं, “नान्ना, हृदयरोगतज्ज्ञ कुणी ठरवलं?”

आमच्यात वडिलांना नान्ना म्हणतात. घरी आमची तेलुगू-मराठीची भेसळ, दुकानात शुद्ध मराठी, आणि रफीकच्या तोंडी दखनी.

“मी ठरवलं,” मी म्हणालो. “शरीरात सगळ्यात वरचं काम हृदयाचं.”

“वरचं काम डोक्याचं असतं,” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. “पण ते तुम्हाला कुठून ठाऊक असणार? तिला बायकांची डॉक्टर होऊ दे. आणि सोलापुरातच शिकू दे, संध्याकाळी घरी जेवायला येईल.”

तेवढ्यात रफीक आला. रफीक म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त, त्याची जीप भाड्यानं चालते. तो दारातूनच म्हणाला, “हड्डी का डॉक्टर बनाओ भाभी! अपने शहर के रस्ते देखे ना? हड्डी का धंदा कब्बी बंद नहीं पड़ने का!”

श्रावणीनं कपाळाला हात लावला. “अरे, एमबीबीएस सगळीकडे तेच असतं! पहिली साडेपाच वर्षं सगळंच शिकायचं. हृदय, हाडं, बायका, ते सगळं त्याच्या पुढं. मला आत्ता फक्त कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचाय.”

“तेच म्हणतोय मी,” मी म्हणालो. “हृदयाचा विभाग जिथं तगडा, ते कॉलेज पहिलं. चादर विणायच्या आधी डिझाइन ठरतं की नाही? निम्मी विणून झाल्यावर मोर काढू की हत्ती, असं विचारतो का कोणी?”

“मी चादर नाहीये, नान्ना.”

आता या वाक्यावर गप्प बसणारा बाप दुसरीकडे जन्माला आला असेल.

मी ठरवलं, कॉलेज स्वतः तपासायचं. चादर घेणारा जाणकार माणूस लेबल बघत नाही. चादर उलटी करतो आणि मागची वीण बघतो. कॉलेजचं लेबल म्हणजे त्याची वेबसाइट, आणि मागची बाजू म्हणजे ओपीडी. तिथं पेशंट म्हणून बसायचं, छातीत जरा दुखतंय म्हणायचं, डॉक्टर कसे तपासतात ते बघायचं आणि गोळ्या घेऊन बाहेर यायचं. कशी काय वाटली युक्ती? मलाही फार भारी वाटली होती.

घरी सांगितलं, “टॉवेलची ऑर्डर आहे, जाऊन येतो.” रफीकची जीप काढली आणि पहाटेच निघालो. कोणत्या शहरात, ते विचारू नका. सोलापूरपासून जीपनं अर्ध्या दिवसाची वाट, एवढंच सांगतो. तिथल्या हृदयविभागात मला अजून ओळखतात, आणि कौतुकानं नाही.

रफीक वाटेत बजावत होता, “व्यंकू, झूटमूट का बीमार नक्को पड़ रे. अच्छा नहीं रहता वो.”

“गप रे. अर्ध्या तासाचं काम आहे.”

ओपीडीत एक तरुण डॉक्टरीणबाई होती. समोर ही रांग! तरी तिनं मला बसवलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, “बोला काका, काय होतंय? सावकाश सांगा.”

सावकाश सांगा! अहो, हे दोन शब्द माझ्या आयुष्यात मला कुणी म्हटले नव्हते. दुकानात गिऱ्हाईक म्हणतं, भाव सांगा. घरी बायको म्हणते, पुरे करा. आणि ही शिकलेली मुलगी डोळ्यात डोळे घालून, मान हलवत ऐकायला बसलेली. तुम्हीच सांगा, नुसतं ‘जरा दुखतंय’ म्हणून उठणं शोभलं असतं का?

मी खुर्ची पुढं ओढली.

“डॉक्टर, माझ्या छातीत माग चालतो. पॉवरलूम! खटखट, खटखट, खटखट. एका लयीत. आणि चालता चालता धागा तुटल्यावर कसा माग थांबतो, तसा एकदम थांबतो. सगळं शांत! डोळ्यापुढं अंधार. मग कुणीतरी गाठ मारल्यासारखी एक जोराची धडक, आणि पुन्हा खटखट सुरू!”

सांगताना माझे दोन्ही हात हवेत माग चालवत होते. मला वाटलं, ती टाळी देईल. तिचा चेहरा पांढरा पडला.

“काका, उठू नका.”

“का?”

“उठू नका म्हणते ना! सिस्टर, व्हीलचेअर!”

मला काय माहीत, हृदयाचा एक लई वाईट आजार अगदी असाच असतो म्हणून! मधेच ठोका थांबतो, माणूस खाली पडतो, कधी उठतो, कधी नाही. मी बसल्या बसल्या आमच्या मागाच्या शेडमधली गंमत सांगितली आणि ती निघाली पुस्तकातल्या पानासारखी हुबेहूब. ईसीजी काढला, तो स्वच्छ. मी म्हणालो, “बघा, काही नाही. येतो मी.” तर म्हणे, हा आजार लपून बसतो, चोवीस तास मशीन लावून बघावं लागेल.

व्हीलचेअरवरून मला नेताना रफीक व्हरांड्यात भेटला. त्याच्या हातातला वडापाव खाली पडला.

“मैं बोल्या था ना!” तो ओरडला. “झूटमूट का बीमार पड़्या, अब्बी सच्ची का पड़ गया!”

“अरे, मला काही झालं नाही!”

“ऐसाच बोलते सब,” म्हणून त्यानं डोळे पुसले आणि माझा फोन काढून माझ्याच बायकोला लावला.

आयसीयूत माझे कपडे गेले, छातीवर वायरी चिकटल्या. मी नर्सला हळूच म्हणालो, “ताई, खरं सांगतो, मी ठणठणीत आहे. मी फक्त बघायला आलो होतो.”

“हो हो, काका,” ती उशी सारखी करत म्हणाली. “इथं सगळे बघायलाच येतात. पडून राहा.”

आणि एक सांगू? पडल्या पडल्या मला खरंच खटखट ऐकू यायला लागली. नंतर कळलं, शेजारच्या पलंगाचं चाक होतं.

दुपारी मोठ्या मॅडम आल्या. हृदयविभागाच्या प्रमुख, चष्मा नाकावर, आणि मागं शिकणाऱ्या पोरापोरींची ही गर्दी! मॅडम म्हणाल्या, “सांगा काका, या सगळ्यांना सांगा, काय होतं ते.”

खरं सांगून टाकायची ही नामी संधी होती. पण वीस तोंडं माझ्याकडं वळलेली, वीस वह्या उघडलेल्या! तुमच्यापुढं वीस श्रोते बसवले तर तुम्ही काय ‘काही नाही’ म्हणाल? मी पुन्हा माग चालू केला. या खेपेला त्यात धोटाही घातला, मागावर आडवा धागा घेऊन पळतो तो. तो डाव्या बरगडीतून सुटतो आणि थेट करंगळीत जाऊन आपटतो.

पोरं लिहून घेत होती. मॅडमच्या कपाळावर आठी पडली.

“मशीनवर एक जरी थांबा दिसला,” त्या म्हणाल्या, “तर लगेच मांडीच्या शिरेतून हृदयापर्यंत तार टाकावी लागेल. घरच्यांना बोलावून घ्या.”

तार! मांडीतून! अहो, मला इंजेक्शन बघून चक्कर येते. आणि भीतीनं समजा माझं हृदय खरंच एक ठोका चुकलं, तर? मग कोण ऐकणार होतं माझं?

संध्याकाळच्या आत बायको आणि श्रावणी आल्या. बायको रडून रडून लाल झालेली. श्रावणीच्या पाठीला सॅक, हातात फोन. तेव्हा मला आठवलं. पसंतीक्रम भरायचा तो शेवटचा दिवस होता. पोरीनं तो अर्धा सोडून बस पकडली होती. माझ्या या नाटकापायी तिचं वर्ष जातं की काय! त्या क्षणी छातीत जे झालं ना, ते मात्र खरं होतं.

मॅडम पुन्हा आल्या, मागं तीच पोरं. श्रावणीनं मॅडमचं सगळं बोलणं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “मॅडम, मी नान्नांना एक विचारू का?”

ती पलंगाजवळ आली आणि तिनं माझे दोन्ही हात आपल्या हातात घट्ट धरले.

“आता सांगा. छातीत काय होतं?”

मी तोंड उघडलं. “माग...” म्हणालो. पुढचं येईना. हात सोडवायला गेलो, तिनं सोडले नाहीत. “खटखट...” पुन्हा अडकलो. अहो, हात धरले की माझं इंजिनच बंद पडतं, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं! घरात बाकी सगळ्यांना माहीत होतं.

“काही होत नाही गं,” मी शेवटी पुटपुटलो. “कॉलेज कसं आहे ते बघायला आलो होतो. तुझ्यासाठी.”

बायकोनं डोळे पुसले, पदर खोचला आणि ती तेलुगूत सुरू झाली. त्याचं भाषांतर मी करणार नाही.

मॅडमनी मला झापलं, आणि चांगलंच झापलं. या पलंगावर कुणाचा तरी जीव वाचला असता, म्हणाल्या. मान खाली घालून ऐकलं मी. त्यात खोटं काही नव्हतं. मग त्या पोरीकडं वळल्या.

“तुला कसं कळलं?”

“मॅडम, नान्ना रंगवून सांगतात तेव्हा त्यांचे हात हलतात. हात धरले की खरं बाहेर येतं. मी लहान असल्यापासून आई तसंच करते.”

मॅडम आपल्या पोरांना म्हणाल्या, “पेशंट काय सांगतो तेवढंच ऐकू नका, तो कसा सांगतो ते बघा, असं मी वर्षभर ओरडतेय. हिनं पाहिलं! कोणत्या वर्षाला आहेस गं?”

“अजून प्रवेश व्हायचाय, मॅडम.”

मला राहवलं नाही. उठून बसलो, वायरी ताणल्या, मशीन पीं पीं करायला लागलं. “माझी मुलगी आहे! हृदयरोगतज्ज्ञ होणार! साऱ्या राज्यात पहिली...”

“हात, नान्ना,” श्रावणी म्हणाली.

मी हात मांडीखाली घातले. “राज्यात पहिली नाही,” मी म्हणालो. “पण हुशार आहे.”

आयसीयूत पहिल्यांदाच एवढे लोक एकदम हसले असतील.

मग दवाखान्याच्या कँटीनमध्ये मी हात मांडीखाली ठेवून सगळं खरं सांगितलं, आणि पोरीनं फोनवर पसंतीक्रम पुरा केला. पहिलं नाव त्याच कॉलेजचं! बायको म्हणाली, “अगं, इथं? तोंड कसं दाखवशील?”

“आई, एवढ्या रांगेत त्या डॉक्टरनं पेन खाली ठेवून नान्नांचं सगळं ऐकून घेतलं. नान्नांचं! मला आणखी काही बघायचं नाही.”

ऐकलंत? म्हणजे माझी तपासणी वाया गेली नाही! मी लगेच रफीकला टाळी दिली. त्यानं मला चहाचं बिल दिलं.

तिला तेच कॉलेज मिळालं. आता एमबीबीएस संपत आलंय. तो फ्लेक्स रफीकनं जीपच्या टपावर ताडपत्री म्हणून बांधलाय. माझा फोटो आभाळाकडं बघत गावोगाव हिंडतो. आणि परवा पोरीचा फोन आला.

“नान्ना, पुढं काय घ्यायचं ते ठरलं.”

माझ्या छातीत खटखट. “हृदय?”

“नाही. तान्ह्या बाळांची डॉक्टर होणार. अगदी नुकतीच जन्मलेली बाळं.”

“चांगलंच की! पण तान्हीच का गं?”

“नान्ना,” ती म्हणाली, “ती बोलत नाहीत.”

हसा, हसा. मी पण हसलो. फोन ठेवला आणि दुकानाच्या मागं जाऊन थोडा रडलो, आनंदानं. आमच्या घरात आतापर्यंत बाळांची दुपटी विणली जात होती. आता त्यात गुंडाळलेलं बाळ जगवणारी निघाली.

यातला शब्द न् शब्द खरा आहे. आता हे लिहिताना हात हलतोय, त्याला मी काय करू?